ओव्हरटाईम सोडणारा इस्माईल

दुपारी भिवंडीजवळच्या कोन गावातल्या गोदामात मी ट्रक लावून घेत होतो, तेव्हा नझीमाचा फोन आला. "चाचा, अब्बू गेले..." एवढंच बोलली आणि तिला रडू फुटलं. नझीमा ही इस्माईलची मुलगी, आणि इस्माईल माझा शाळेपासूनचा दोस्त. सकाळी बाजारातून कोथिंबीर-मिरची घेऊन आला, पंख्याखाली बसला, पाणी मागितलं आणि ते हातात येईपर्यंत सगळं संपलं. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. अजून हात आपोआप त्याचा नंबर लावायला जातो.

तरुणपणी आम्ही दोघं बरोबरच आखातात गेलो. तो भिवंडीतल्याच टेमघरच्या एका कापड कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा. मी कोनच्या शेतकरी घरातला, हातात कसलंच कसब नसलेला. त्याच्या भरवशावर आईने मला सोडलं. एजंटने सांगितलेलं, ड्युटी आठ तास आणि खोली फुकट. जेवणाचं तो काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. तिथे गेल्यावर कळलं, जेवण ज्याचं त्याने बघायचं. आठ तासही कागदावरच... वर ओव्हरटाईम, शिवाय कॅम्पपासून वर्कशॉपपर्यंत बसचा प्रवास. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं.

पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा मी एक टोमॅटो उचलला, मनातल्या मनात रुपयांत किंमत काढली आणि गपचूप परत ठेवला. इस्माईल बघत होता. "जनू, इथं भिवंडीचा भाव काढू नको," तो म्हणाला, "उपाशी मरशील." पण सगळेच तसा भाव काढायचे. हॉटेलात भात-मासळीचं एक ताट खाल्लं की अर्ध्या दिवसाची मजुरी गेल्यासारखी वाटायची. मग खुबूस, म्हणजे तिथली स्वस्त रोटी, चहात बुडवून खायची आणि वाचलेले पैसे घरी पाठवायचे. आमच्या खोलीतला तेलंगणातला यादगिरी दोन लेकरांचा बाप होता. बहिणीच्या लग्नासाठी पैसे साठवायचे म्हणून त्याने खुबूस-चहाशिवाय सगळं सोडलं. एकदा वर्कशॉपमध्ये भर उन्हाचा तो कोसळला. इस्माईलने उचलून सावलीत आणला, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर यादगिरी पहिलं काय बोलला असेल? "आज का ओव्हरटाईम कटेगा क्या?"

त्या संध्याकाळी इस्माईलने खोलीत विषय काढला. सगळ्यांनी मिळून मेस चालवू, एकत्र सामान आणलं की स्वस्त पडतं. सगळे तयार. पण इतक्या तासांच्या कामावरून आल्यावर शिजवणार कोण? "मी ओव्हरटाईम सोडतो," इस्माईल म्हणाला. मी त्याला बाजूला घेतलं. "येडा झालास काय? ओव्हरटाईमसाठीच तर आलोय आपण!" तो म्हणाला, "आठ तासांचा पगार तर हाय ना. पुरल मला." सगळ्यांनी आपापल्या ओव्हरटाईममधला हिस्सा देऊ केला, तो त्याने घेतला नाही. "भांडी तुम्ही घासा, बस."

गंमत म्हणजे त्याला चहासुद्धा करता येत नव्हता. पहिली डाळ खाली करपलेली, वर कच्ची. मग त्याने बायकोला, रुकय्याभाभीला, निरोप धाडला. तेव्हा फोन परवडायचा नाही, घरचा आवाज कॅसेटमधून यायचा. सुट्टीवरून परतणाऱ्या एका गाववाल्याबरोबर भाभीची कॅसेट आली. आम्ही सगळे टेपभोवती बसलो. वाटलं, घरची खुशाली असेल... निघालं माशाचं कालवण! "मसाला वाटायचा कंटाळा करू नका," भाभी सांगत होती, "आणि आधी हात धुवा." खोलीभर हशा. शेवटी मात्र तिचा आवाज उतरला. "शेजारच्यांचा दुसरा मजला चढला. आपला कधी?" त्यावर इस्माईलने काय उत्तर पाठवलं, ते भाभीने मला परवा सांगितलं. "मजला चढल गं. आधी इथली माणसं उभी राहू दे." तेव्हा ती महिनाभर रागावली होती म्हणे. परवा सांगताना हसत होती, मधेच डोळे पुसत होती.

दुसरा मजला कधी चढलाच नाही. परत आल्यावर इस्माईलने टेमघरला थोडे जुने लूम घेतले. भिवंडीत लूम थांबत नाहीत. लांबलचक शिफ्ट, कामगार एक डोळा धाग्यावर ठेवून उभ्या उभ्या रोटी खातो. इस्माईल मात्र दुपारी सगळे लूम बंद करायचा. कामगारांनी खाली बसून जेवायचं, तोही त्यांच्यात बसायचा, भाजी बहुतेक त्यानेच केलेली. शेजारचे मालक हसायचे. "मियाँ, लूम बंद म्हणजे धंदा बंद!" तो म्हणायचा, "धंदा न्हाय हो, फक्त लूम."

आता कारखाना नझीमा बघते. कापडाला उठाव नाही, विजेचं बिल मात्र चढतंय. निदान ती दुपारची सुट्टी काढून टाक, असं एका दलालाने तिला सुचवलं होतं. तिने काढली असती तरी मी तिला बोल लावला नसता.

गेल्या आठवड्यात दुपारचा मुद्दाम गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंनी नुसती खटखट, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. इस्माईलच्या कारखान्याच्या दाराशी पोहोचलो, तर आतले लूम एकेक करून थांबत होते. शेवटचा लूम बंद करून नझीमा ओढणीला हात पुसत वळली. कामगार वर्तमानपत्रं अंथरत होते. भाभीने पातेलं मधोमध ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊ, उभे काय? बसा."

मी बसलो. शेजारची खटखट भिंतीतून येत होती. आमच्याकडे फक्त ताटांचा आवाज...