सुलूचा भोपळा

मिरजेहून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी शेंगा फोडत बसले होते. फोन सुलूच्या नातीचा, प्राजूचा. "साताऱ्याच्या आजी, आमची आजी गेली गं..." एवढंच बोलली. मांडीवरचं सूप तसंच राहिलं. आता दीड महिना होत आला, तरी चहा घेताना हात फोनकडं जातो. सुलूला विचारावं, चहा झाला का गं? मग आठवतं.

आम्ही दोघी इस्लामपूरजवळच्या एकाच गावच्या, एकाच आळीतल्या. लग्नानं ती मिरजेला गेली, मी साताऱ्याला. दिवाळीनंतर डोळ्याच्या ऑपरेशनला मी मिरजेला गेले ती तिच्याकडंच उतरले. प्राजू कॉलेजात सिनेमा शिकते. तिला छोटी फिल्म करायची होती, आणि ती कसली करावी यावरून चार मैत्रिणींचं भांडण सुलूच्या स्वयंपाकघरातच जुंपलेलं. एकीला भुताची हवी, एकीला विनोदी. माझ्या डोळ्याला पट्टी, मी आपली कान देऊन बसलेली. सुलू भाकरी थापता थापता म्हणाली, "भूत कशाला शोधताय? तुमी चौघी दारात हुब्या ऱ्हावा, माणसं आपसूक पळत्यात." पोरी खिदळल्या. मग प्राजू म्हणाली, "आजी, अजून एक प्रकार असतो. त्यात पोरगी मोठी होते."

"आन् म्होरं?"

"पुढं काही नाही. मोठी होते, तेवढंच."

भाकरीचा आवाज थांबला. "तेवढंच व्हय?" सुलू म्हणाली. "माझी त्यात हीर गेली की गं."

विहीर म्हणजे सुलूचा जीव होता. वाळका भोपळा पाठीला बांधून आम्ही पोहायला शिकलो. ती लवकरच काठावरून मुटके मारायला लागली, मी मात्र कायमची भोपळेवाली राहिले. माझा भोपळा फुटला तेव्हापासून सुलू तिचा रोज घेऊन यायची. तिला लागायचा नाही, माझ्यासाठी आणायची. मग तिला न्हाण आलं. तिच्या आईनं मखर सजवलं, हिरवं लुगडं, हिरवा चुडा... आळीतल्या बायांनी ओटी भरली, गाणी म्हटली.

सुलूनं हे सांगितलं तशी प्राजू लगेच म्हणाली, "मग फिल्ममधली पोरगी मखरात रडताना दाखवू!"

"रडती कशाला? मी लय खुशीत हुते. राणीवाणी बसवल्यालं. वाटलं, उद्या हिरीवर जाऊन समद्यास्नी चुडा दावायचा. सकाळी खुंटीवरचा भोपळा काढाय गेले, तर जड लागला. आईनं वरनं भोक पाडून त्यात दोडक्याचं बी भरल्यालं." परत भाकरी थापायला लागली आणि म्हणाली, "कुणी रागावलं न्हाई, जाऊ नको म्हणालं न्हाई. नुसतं बी भरलं."

त्यानंतर भुताचं नाव कुणी काढलं नाही.

पट्टी निघाल्यावर शूटिंगला मीही गेले, आमच्याच विहिरीवर. प्राजूनं कुठून तरी तसाच भोपळा पैदा केला होता. पोरींचं काम आटोपलं तशी सुलू पदर खोचून म्हणाली, "आता मी उतरते." तिचा लेक आडवाच आला, "आई, गुडघे बघ आन् ही थंडी बघ!" लेकानं हाताला धरून पायरीवर बसवलं. पाण्यात पाय सोडून ती कितीतरी वेळ बसली. प्राजूचा कॅमेरा अजून चालूच होता. मी शेजारी. "ऊन तापलं की यायचं आपुण," ती माझ्या कानाशी म्हणाली, "ह्याला कळवायचं न्हाई. तू भोपळा बांध, मी हायच संगं." म्हटलं, "आगं बया, ह्या वयात लोक हसतील." तर म्हणाली, "हसू देत. त्यास्नी कुठं पवाय येतंय?"

माघात दुपारची जरा आडवी झाली, ती उठलीच नाही...

आता ऊन चांगलं तापलंय. फिल्म कॉलेजात दाखवली, मला प्राजूनं मोबाइलवर दाखवली. त्यातली पोरगी खुशीत मखरात बसते, सकाळी खुंटीवरचा भोपळा काढते, आणि तो हातात घेऊन नुसती उभी राहते. मी परत परत पाहते. पण त्या पोरीसाठी नाही. अगदी शेवटी विहीर येते, तिच्या पायरीवर पाठमोरी सुलू दिसते, क्षणभरच.

बारावं झाल्यावर प्राजू तो भोपळा मला देऊन गेली. स्वयंपाकघरात खुंटीला टांगलाय. परवा सूनबाई म्हणाली, "आई, एवढा छान वाळलाय, यात दोडक्याचं बी ठेवू का?"

म्हटलं, "नको गं. बी डब्यात ठेव."