मनांग सियोनीने बिस्किटं कुणालाही दिली नाहीत

आमच्या मारिकिना शहरात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हल्ली जिथे कॉफी मिळते, तिथे आमचा बुटांचा कारखाना होता. कॉफी चांगली असते. मी मात्र तिथे बसलो की चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास शोधत राहतो आणि तो येत नाही म्हणून रागावतो. वास येण्यावर कुणीही रागावतं. न येण्यावर रागवायला म्हातारपण लागतं.

कारखान्याची आठवण म्हणजे खरं तर मनांग सियोनीची आठवण. बुटांचा वरचा भाग शिवणाऱ्या बायकांची ती मुकादम. मनांग म्हणजे थोरली बहीण. ती उत्तरेच्या इलोकोस प्रांतातली, म्हणून तिला तिकडच्या बोलीत हाक मारायची. इलोकोसची माणसं चिकट, असं उरलेला देश मानतो, आणि देशाला खोटं पाडण्याचे कष्ट मनांगने कधी घेतले नाहीत. तुटलेला दोरा ती फेकत नसे. दुपारच्या डब्यातली माशाची शेपूट चारच्या खाण्यासाठी राखून ठेवी.

"मनांग, तुझ्या घरातली पाल उपाशी मरत असेल गं," बायका म्हणायच्या.

"मरते कशाला? शेजारी जेवून येते."

तिच्याच रांगेत लिगाया बसायची. शिलाई सरळ, बोलणं कमी. तिचा नवरा रोमी 'जीपनी', म्हणजे भाड्याची प्रवासी जीप, चालवायचा आणि घरी आला की हात चालवायचा. लिगाया एका गालावर पावडर जास्त लावून आली की रांगेतलं बोलणं आपोआप हवामानाकडे वळायचं. आम्ही सभ्य माणसं होतो.

तेव्हा कायदा नवीन होता. घरात मार खाणाऱ्या बाईला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळते आणि ती कशासाठी घेतली हे मालकाने कुणाला सांगायचं नसतं, हे मनांगने रेडिओवर दोन नाटकांच्या मधे ऐकलं. ती लिगायाला घेऊन आधी वॉर्डाच्या कचेरीत गेली, मग मालकाच्या खोलीत. पगार मी करायचो, म्हणून मलाही बोलावलं होतं.

मालक एवारिस्तोसाहेब दुष्ट नव्हते; फक्त मालक होते. म्हणाले, "म्हणजे आता मार खाल्ल्याबद्दल पगार द्यायचा?"

"मार खाल्ल्याबद्दल नाही, साहेब," मनांग म्हणाली. "तो ती आजवर फुकटच खात आली. न खाण्याबद्दल द्यायचा."

साहेबांनी सही केली. वॉर्डाने रोमीला बायकोच्या आणि कारखान्याच्या आसपास फिरकायची बंदी केली. पण त्याला ती मोठीशी अडचण वाटत नव्हती. "पोरं हाती लागली की बायको मागून चालत येते," असं तो स्टँडवर उघड सांगायचा. म्हणून लिगाया दोन्ही पोरांना घेऊन लिलिवला गेली, डोंगराच्या पायथ्याशी, शाळेतल्या मैत्रिणीकडे. हे मनांगला, साहेबांना आणि मला ठाऊक. बाकीच्यांना सांगितलं, बिकोलला आत्या आजारी आहे. लिलिव दक्षिणेला जवळ. बिकोल त्याच दिशेला, पण रात्रभराच्या बसवर. बाकीच्यांत पॅकिंगमधली चारिंगही होती. चारिंग म्हणजे रोमीची सख्खी बहीण.

रजा संपली. पोरांना तिथेच ठेवून लिगाया कामावर आली. आत्याचं दुखणं, बिकोलचा पाऊस, सगळं तिने पाठ केलं होतं. फक्त एक गोष्ट तिने विचार न करता केली, जी आमच्याकडे कुणीच विचार करून करत नाही. गावाहून येताना तिने सगळ्यांसाठी खाऊ आणला. पासालुबोंग म्हणतात त्याला. आमच्याकडे माणूस घर जळून परतला तरी लोक आधी हाताकडे बघतात.

तिने खोकं टेबलावर ठेवलं. आरारूटची बिस्किटं, आणि झाकणावर लाल, ठसठशीत अक्षरांत 'लिलिव'. त्या गावातही चपला बनतात. मारिकिनातलं शेंबडं पोरसुद्धा ते नाव ओळखतं.

मनांगने अक्षरं पाहिली. पलीकडच्या दारातून चारिंग येत होती. "आली का आमची वहिनी? काय आणलंस गं?"

मनांगने खोकं उचललं, आपल्या स्टुलावर ठेवलं आणि त्यावर बसली. बसण्याआधी दोन्ही मुठी भरून घेतल्या होत्या.

"माझं आहे," ती म्हणाली. "तिने माझ्यासाठी आणलं."

"सगळं?"

"सगळं."

आणि ती खाऊ लागली. आरारूटचं बिस्किट जिभेवर ठेवलं की तोंडात चुन्याची भट्टी होते; लोक एक खातात आणि पाणी शोधतात. मनांग एकामागून एक कोंबत होती. डोळ्यांत पाणी, हनुवटीवर पीठ.

"अगं, बिकोलहून ते टणक पिलीचे दाणे आणतात ना?" चारिंग म्हणाली. "हे पीठ कसलं?"

"पिलीच," मनांग खोकत म्हणाली. "दळून आणली. माझे दात बघितलेस का?"

रांगभर हशा उसळला. "एक तरी दे गं, कंजूष!" "थडग्यात नेणार आहेस का?" कुणाला कसलाच संशय आला नाही. दुसरी कुणी अशी वागली असती तर सगळ्यांनी खोकं ओढून काढलं असतं. मनांग तशी वागली, म्हणजे जग ठीक चाललं होतं. लिगाया मान खाली घालून शिवत राहिली. तिची शिलाई तेवढ्यापुरती वाकडी गेली. चारिंग नाक मुरडून पॅकिंगला परतली.

मग मनांग उठली. झाकण घेतलं, कात्रीने सुकतळ्याच्या मापाचे दोन तुकडे कापले, सोल्यूशन फासलं आणि बायकांच्या एका काळ्या जोड्यात सुकतळ्याखाली चिकटवून टाकले. फुकट घालवायचं नाही, हा तिचा नियमच होता. तो जोड संध्याकाळी चारिंगच्याच हाताने पॅक झाला.

पुढच्या सोमवारी चारिंग मोठी पिशवी घेऊन आली आणि टेबलाटेबलावर मुठीमुठीने वाटत सुटली. साखरेत घोळलेली पिली.

"कोण गेलं होतं बिकोलला?" मी विचारलं.

"दादा. जरा काम होतं." तिचा चेहरा पडलेला होता. "झालं नाही म्हणा."

पोरांच्या मागावर दात खाऊन निघालेला माणूससुद्धा रिकाम्या हाताने परतला नव्हता. आमची संस्कृती थोर आहे.

लिगायाने मनांगकडे पाहिलं. मनांगने पिलीचा एक दाणा दाढेखाली कडकन फोडला, दात नसलेल्या बाईला न शोभेल असा, आणि उरलेली मूठ रुमालात बांधून घेतली.

"ही कुणासाठी?" मी हळूच विचारलं.

"पोरांना," ती म्हणाली. "लिलिवला कोण जाणार आहे उद्या? मीच ना?"

कारखाना बंद होईपर्यंत तिला सगळे बिस्किटांवरून चिडवत. तिने कधी खुलासा केला नाही. कॉफीच्या दुकानात बायकांच्या पायांकडे बघायची मला सवय लागली आहे. लोक गैरसमज करून घेतात. जुना काळा जोड दिसला की वाटतं, ही बाई लिलिववर उभी आहे, आणि तिला ते ठाऊक नाही.