फुरंगटलेल्या पोरीचा फोटो

रडका फोटो घरात ठेवू नये, असं आमच्या आईचं म्हणणं. मीही फोटोच्या धंद्यात पडल्यापासून ते पाळत आलो. लहान पोरांचे फोटो मी बाहेर, उजेडात काढतो. तासाभरात पोर हसतं, भोकाड पसरतं, फुगून बसतं, परत हसतं. त्यातले रडके-रुसके फोटो जागेवरच उडवून टाकायचे आणि आईबापाच्या हातात हसरे तेवढे द्यायचे, ही माझी रीत. तिचा मला थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू!

गडमुडशिंगीची एक बाई आपल्या दोन वर्षांच्या पोरीचे फोटो काढायला मला त्यांच्या रानात घेऊन गेली, तेव्हाही मी तेच केलं. नवरा फौजेत, लांब बर्फात. फोटो त्यालाच पाठवायचे होते. ऊस तुटून गेलेला, त्यामुळं बांधावर सकाळचा उजेड मोकळा होता. पोरगी आधी लाजली. मग शेजारच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं, तशी आ वासून बघत राहिली आणि नंतर खिदळायला लागली. एवढ्यात मी "हिकडं बघ बाळा" म्हणायला आणि तिनं पायातली चप्पल काढून मला फेकून मारायला एकच गाठ! आणि खालचा ओठ बाहेर काढून फुरंगटून बसली. मी तोही फोटो काढला आणि सवयीनं उडवला.

चार दिवसांनी बाईचा फोन आला.

"काका, चपलीचं ह्यास्नी सांगितलं. तर म्हणत्यात, हसरं फोटो ऱ्हाऊ देत, तो रुसलेला पाठव."

"अहो ताई, तो उडवला की मी!"

ती म्हणाली, "फोन लावला की घरातली सगळी तिला हस म्हणत्यात, पप्पाला टाटा कर म्हणत्यात. गेल्या सुट्टीला आले, तवा ही रांगत हुती. पोरगी रुसल्यावर कशी दिसती, त्यांनी अजून बघितलंच न्हाय हो."

माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं मी आईबापांना निम्मंच पोर देत आलो होतो.

रविवारी परत गेलो. आता रुसवायचं कसं? हातातला बिस्किटाचा पुडा काढून घेतला, तर तिनं मुठीतलं बिस्किटही माझ्या तोंडात कोंबलं. डोळे वटारले, तर टाळ्या वाजवल्या. घ्या! पोरांना हसवायला मी आजवर माकडासारखा नाचलोय आणि ही बया काही केल्या रुसेना. तिची आई तर पदर तोंडाला लावून हसत होती. ऊन चढलं, पोरीच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडायला लागल्या. वैतागून मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "जातो बाळा."

तिनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खालचा ओठ बाहेर आला. मी निघालो म्हणून रुसली होती! तसाच मातीत बसलो आणि फोटो काढला. उजेड वाईट, हात थोडा हललेला. पण इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या रात्रीच तो फोटो वर बर्फात पोचला.

पुढं दोन-तीन महिन्यांनी तो फौजी सुट्टीवर आला आणि स्टुडिओ शोधत माझ्याकडं आला. चहा सांगितला, पण गडी पितच नव्हता, बोलतच होता.

"पावणं, घरात पाऊल टाकलं तर पोरगी आईच्या मागं लपली आणि ओठ काढून बसली. सगळी हळहळायला लागली, बापाला वळखंना म्हणून. म्या म्हटलं, गप बसा की! हे तोंड माझ्या वळखीचं हाय, रोज बघतोय मी."

"मग?"

"मग काय? तिच्या शेजारी मीबी तसंच तोंड करून बसलो. लई वेळ बसलो. तवा कुठं मांडीवर आली."