चार खांदे, एका उंचीचे

होळीनंतरचा पहिला रविवार, १९७३, दुपारी चार. कांदिवलीतल्या आमच्या चाळीचा दुसरा मजला. हजर: वही घेऊन मी, आमचे हे, खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ, कोपऱ्यातल्या खोलीतले बस कंडक्टर, आणि जिच्या अंत्ययात्रेची तयारी करायची होती ती समोरच्या खोलीतली मावशी, स्वतः. मावशीइतकं आपलं मरण नीट आखलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी वाणसामानाच्या यादीलाही आकडे घालणारी बाई आहे.

दसऱ्याच्या सुमारास तिच्या छातीत एकदा कळ येऊन गेली, तेव्हापासून हे सुरू झालं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून वही माझ्याकडे आली. पहिलं कलम खांदेकऱ्यांचं. चौघे एका उंचीचे हवेत, नाहीतर आपण घरंगळू, असं तिचं म्हणणं. तिने एकेकाला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खुणा केल्या. आमचे हे दोन बोटं कमी भरले, तेव्हा त्यांना फुलांच्या कामावर टाकलं आणि त्यांच्या जागी समोरच्या चाळीतला पोस्टमन घेतला. ह्यांना ते इतकं लागलं की रात्री जेवताना म्हणाले, "चपला घालून मोजलं असतं तर बसलो असतो मी."

मग जिना. तिरडी वळणावर अडकेल का, हे तिने सुतळीने मोजून पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या धाकट्या भावाचं पाण्याचं पिंप आडवं येत होतं. तो म्हणाला, "मावशी, वेळ आली की हलवतो ना."

"आत्ताच हलय. तेव्हा तू रडत बसतलस, मगे पिंप कोण हलयतलो?"

पिंप हललं. शेवटच्या प्रवासासाठी कोरी साडीही आणली. पण घरात कोरी साडी पडून राहिलेली तिला बघवेना. ती एका बारशाला नेसली, मग दुसरी आणली, ती कंडक्टरच्या मेहुणीच्या लग्नात नेसली. आता तिसरी माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे.

पण ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती. तिचा नवरा गेला तेव्हा आग पुतण्याने दिली. बारा वर्षांच्या एकुलत्या एका मुलीला बापाजवळही जाऊ दिलं नाही. ती दाराआड उभी राहिली. ती मुलगी आता शाळेत शिकवते आणि घर चालवते. मावशीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझा चेडू माका आग देतला. पुतण्यान हवा तर खांदो देवचो." म्हणजे आग मुलगी देणार, पुतण्याने हवं तर खांदा द्यावा.

त्यासाठी भटजी हवा होता. मुलीसाठी स्थळं बघावीत तसे तिने भटजी बघितले. पहिले म्हणाले, शास्त्रात बसत नाही. त्यांना नुसता चहा मिळाला. दुसऱ्यांनी पुतण्याचा पत्ता विचारला. त्यांना चहाही नाही. ह्या रविवारी आलेले तिसरे तरुण होते. त्यांनी दोन बश्या पोहे खाल्ले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी करीन. पण ताई काय म्हणतात? त्यांना विचारलंय ना?"

मी मावशीकडे पाहिलं. मावशी चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा बघत राहिली. रविवारी दुपारी मुलगी शिकवण्यांना जाते, म्हणूनच तर आमच्या सभा रविवारी चारला भरायच्या.

मी वहीत नवं कलम लिहिलं: मुलीला विचारणे. मावशी म्हणाली, "तूच इचार गो. माझ्या तोंडातून येवचा नाय." मी म्हटलं, हे तुझं तूच करायचं. ती बरं म्हणाली, पण पुढच्या तीन रविवारी तिला काही ना काही आठवत राहिलं: तांदूळ निवडायचे आहेत, पोरगी दमून आली आहे, आज अमावस्या आहे. शेवटी मीच विचारते म्हणून मावशीला सांगितलं. संध्याकाळी मुलगी जिना चढून आली, तशी तिला गॅलरीत थांबवलं.

"तुझ्याशी बोलायचंय जरा."

"वहीबद्दल ना वहिनी?" ती म्हणाली. "मला सगळं माहितेय. दाराच्या चौकटीवर चार माणसांची उंची लिहिलीय, मी काय आंधळी आहे?"

"मग?"

"मग काय. आग मीच देणार. कोण अडवतो बघते." तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आतून मावशी हाक मारत होती, कोण आलंय म्हणून. "पण तिला सांगू नका हां. आई काम अर्धं टाकून कुठे जात नाही. एक कलम राहू दे तसंच."

मी वही उघडली. बाकी सगळ्या कलमांपुढे माझी बरोबरची खूण होती. ह्या एकापुढे नव्हती. रविवारी मावशीने विचारलं, "इचारलंस?"

मी म्हटलं, "नाही गं, राहिलंच."