पाणी गरम होतं

"ट्रान्सलेट," साहेब म्हणाला.

मेसमध्ये सगळी शिफ्ट जमिनीवर बसली होती. साहेब उभा, त्याच्या शेजारी मी उभी. त्याचं इंग्रजी कामगारांना हिंदीत सांगायचं, हे माझं काम. मी ऑफिसात सेक्रेटरी. पगार टायपिंगचा, पण त्यातच माझं तोंडही विकत घेतलेलं. तो बोलला की मी बोलायची. सवय अशी लागलेली, की डोक्यात शिरायच्या आधी वाक्य तोंडाबाहेर.

"सांग त्यांना, या बाईने कमिटीपुढे खोटं सांगितलं."

आणि मी सांगितलं. "साहब कहते हैं, इस औरत ने कमिटी के सामने झूठ बोला."

बोलून गेल्यावर कळलं, ही औरत म्हणजे मी. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वर पाहिलं, लगेच माना खाली घातल्या. माझे कान तापले. माझी बदनामी, माझ्याच तोंडून, आणि तीही बिनचूक.

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधली पाइपांची फॅक्टरी. कंपनी इंग्लंडची, साहेब इंग्लंडचा. इराकचं युद्ध सुरू झालं ते वर्ष. ऑफिसात थंड पाण्याचा कूलर, त्यावर स्टिकर: स्टाफ ओन्ली. कामगारांची टाकी बाहेर यार्डात, रणरणत्या उन्हात. वर साधा पत्रासुद्धा नाही.

कादरमामा तिथे वेल्डर होते. राजापूरकडचे. आमचं गाव महाडजवळ, म्हणून मला लेकीसारखं वागवायचे. दुपारी टाकीचं पाणी ग्लासात घेऊन दारात यायचे नि म्हणायचे, "बाय, बघ गो. पत्ती नि साखर टाक, चाय तयार." स्वतःच हसायचे. मला काही हसू यायचं नाही.

कसं येणार? माझ्या आजीला गावात वरून पाणी ओतायचे. ती खाली ओंजळ धरून बसायची आणि ओतणाऱ्याचा हात चुकूनसुद्धा ओंजळीला लागत नसे. पाण्यातला अपमान आमच्या घराला कुणी शिकवायला नको. इथे जात विचारत नव्हते, ग्रेड विचारत होते. एवढाच काय तो फरक. मी साहेबाला सांगितलं, टाकीचं काहीतरी करा. तो म्हणाला, "नोटेड." पुन्हा सांगितलं. पुन्हा नोटेड.

ऑगस्टात कादरमामा काम करता करता कोसळले. पुन्हा उठले नाहीत. कंपनीने सांगितलं, हार्ट. त्यांच्या हार्टला काय धाड भरली होती? सकाळी मला म्हणाले होते, ईदला घरी जाणार, नातीला सोन्याच्या रिंगा नेणार. पेटीतून गेले.

मग हेड ऑफिसची चौकशी कमिटी आली, थेट लंडनहून. त्यातल्या एका मॅडमनी मला एकटीला आत बोलावलं. दार लावलं. म्हणाल्या, "इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. आमच्याकडे खरं बोलणाऱ्याला कायदा सांभाळतो. मोकळेपणी बोल." स्वतःच्या हाताने ग्लासात थंड पाणी ओतून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मूर्ख मी.

पण माझा विश्वास उगाच नव्हता. तो बाबांचा होता. बाबा नगरपालिकेत शिपाई. रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून लंडनच्या बातम्या ऐकायचे. म्हणायचे, "पोरी, आपल्या कचेरीत आपलं कोण ऐकतं? त्यांच्या देशात बघ, भर सभेत पंतप्रधानाला उभा करून जाब विचारतात. असं राज्य पाहिजे." मी हे ऐकत मोठी झाले. इंग्रजी त्याचसाठी शिकले. तेव्हा मी त्या मॅडमना सगळं सांगितलं. टाकी, स्टिकर, दोन्ही वेळचं नोटेड. मामांचा चहासुद्धा सांगितला.

आणि आता मेसमध्ये साहेब म्हणत होता, "त्यांना सांग, चहाचे विनोद करून कंपनीचं नाव खराब करायचं नाही."

चहा. तो फक्त त्या बंद खोलीत बोलला गेला होता. माझं बोलणं जसंच्या तसं याच्या हातात देऊन मॅडम विमानात बसल्या होत्या.

"आता सांग, माझी चूक झाली. मग सॉरी म्हण. ट्रान्सलेट."

कादरमामांची जागा भिंतीजवळ असायची. ती रिकामी होती. मी तिकडे बघून बोलले.

"पानी गरम था. मैंने कमिटी को यही बताया. मैं झूठ नहीं बोली. मैं माफी नहीं माँगूँगी."

मग साहेबाकडे वळून तेच इंग्रजीत सांगितलं, एकेक शब्द. ट्रान्सलेशन माझं कामच होतं ना.

सगळ्यांच्या माना खालीच राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही. मी नवऱ्याच्या व्हिसावर होते, त्यांचा व्हिसा साहेबाच्या खिशात होता.

केबिनमध्ये साहेब ओरडला नाही. थकल्यासारखा खुर्चीत बसला. म्हणाला, "माझी मुलगी लंडनमध्ये युद्धाविरुद्ध मोर्चात चालली. रस्ता माणसांनी भरला होता. थांबलं का युद्ध? चौकशी फाइल बंद करायला असते. आमच्याकडे आता शेंबडं पोरसुद्धा यावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीच लोक अजून ठेवता." मग माझं लेबर कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, कॅन्सल करायला सांगितलं. खलास.

तो मला अपमानाने रडवू शकला नव्हता. या बोलण्याने मी रडले. बसमध्ये, सगळ्यांसमोर.

रात्री बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. नोकरीचं काही विचारलं नाही. मग म्हणाले, "तिथंसुद्धा?"

एवढंच. मी त्यांचा आवाज इतका म्हातारा कधी ऐकला नव्हता. माझी नोकरी गेली त्याचं मला काही वाटत नाही. माझ्या बापाचा एक चांगला देश गेला. तो मी त्यांना परत देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही.

आता मी कुणाच्या कायद्याच्या, कुणाच्या कमिटीच्या, कुणाच्या गोड बोलण्याच्या भरवशावर तोंड उघडत नाही. सांभाळणारं कुणी नाही हे धरूनच बोलते. माझं तोंड पुन्हा कुणाला भाड्याने देणार नाही. विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन. दार लावून नाही, चारचौघांत सांगेन.

पाणी गरम होतं. कादरमामा त्याने मेले.