दोघांचं कुंपण

वहिनी आणि भावोजींनी मिळून बावीस वर्षं एकच कुंपण राखलं. गावाबाहेरची ती शेतवाडी फार जुनी. आता तिथे कोणी पेरत नाही की कापत नाही, लोक तिकीट काढून बघायला येतात. कोठार, विहीर आणि सगळ्या आवाराला वळसा घालून गेलेलं लाकडी कुंपण. त्याला खिळा नाही की रंधा नाही. खांबाला भोक पाडायचं आणि त्यात फाडलेली आडवी दांडकी सरकवायची, बस्स.

वहिनींचा नवरा तिथे सुतार होता. तो गेल्यावर कचेरीने त्याच्या जागी वहिनींना झाडलोटीला घेतलं. धाकटे दीर, म्हणजे भावोजी, तेही तिथेच सुतार. मोठी करवत ओढायला समोर माणूस लागतं, आणि भावाच्या माघारी ते उरलं नव्हतं.

"वहिनी, जरा तिकडची मूठ धरता का?" एक दिवस भावोजी म्हणाले.

धरली ती धरलीच. पहिल्या महिन्यात तळहाताची सालटी निघाली. "ढकलू नका," भावोजी सांगत, "नुसती आपल्याकडे ओढा. परत न्यायला मी आहे ना समोर!" पाचर कुठे ठोकायची, घण कसा पाडायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. वहिनींनी घण उचलला की म्हणायचे, "हात लावू नका, ओंडका भीतीनेच फाटेल." घर एकच होतं. जाऊबाई ताटं वाढताना करवादायच्या, "दिवसभर बोलून पोट भरलं नाही का तुमचं?"

कुंपणाची एक बाजू उरकली की दुसरी कुजायला लागलेली असे. काम कधी संपणारं नव्हतं, आणि दोघांना तेच बरं वाटायचं.

एका सकाळी भावोजींच्या हातातून चहाचा कप निसटला. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलता येई, पण शब्द जड झाले.

"आता हे काम येणारं माणूस कुठून आणू?" व्यवस्थापक म्हणाले. महिन्याभरात ट्रकमधून सिमेंटची दांडकी आली. खऱ्या लाकडावरून साचा काढलेला, वर गाठी, चिरा, रंगसुद्धा. दहा पावलांवरून कोणाला पत्ता लागला नसता. जुनं सगळं उपटलं. वहिनींना मात्र ठेवून घेतलं. रोज अकराला आणि तीनला पाहुण्यांपुढे एक ओंडका फाडून दाखवायचा. फाडलेलं लाकूड कोठारामागे टाकून द्यायचं.

जुनं कुंपण उपटलं त्या संध्याकाळी भावोजींनी विचारलं, "आज कुठवर आलं?"

वहिनींच्या तोंडून खरं निघेना. "विहिरीपाशी," त्या म्हणाल्या.

"समोर कोण असतं?"

"नवीन माणूस घेतलाय."

"कसा आहे?"

"ढकलतो."

भावोजी कितीतरी दिवसांनी हसले. मग रोज तेच सुरू झालं. तो न जन्मलेला माणूस हळूहळू शिकू लागला, चुकू लागला, वहिनींची बोलणी खाऊ लागला. जाऊबाईंना खरं ठाऊक होतं. त्या ताटं वाढत राहिल्या.

दीड वर्षांनी भावोजींची लेक माहेरी आली. बाबांना बरं वाटावं म्हणून कोणाला न सांगता तिने त्यांना चाकाच्या खुर्चीतून वाडीवर नेलं. तीनच्या खेळाला वहिनींनी घण उचलला आणि गर्दीपलीकडे ती खुर्ची दिसली. भावोजींचा डावा हात कुंपणावर होता. घण तिथेच टाकून त्या धावल्या.

"बाबा, अजून जसंच्या तसं आहे की नाही?" लेक म्हणत होती.

भावोजींनी बोटाच्या पेराने दांडकं वाजवून पाहिलं. "गार लागतंय," ते म्हणाले. मग वहिनींकडे न बघता, "सगळीकडे असंच?"

"सगळीकडे."

"आणि तो ढकलणारा?"

वहिनींनी नकारार्थी मान हलवली.

"अहो बाई, पुढचं दाखवा ना!" मागून कोणीतरी ओरडलं. वहिनी परत गेल्या आणि ओंडका फाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर भावोजींनी कधी काही विचारलं नाही. वहिनींनीच एकदा विषय काढला, "आजचा ओंडका फार गाठीचा निघाला." "असेल," ते म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले. ते रागावले असते, दोन शब्द टाकून बोलले असते, तरी वहिनींना चाललं असतं. पण तसंही काही झालं नाही. जेवण कमी होत गेलं. पाच महिन्यांनी ते गेले.

तेरावं उरकून कामावर गेल्यावर वहिनींनी व्यवस्थापकांना म्हटलं, "मला पुन्हा झाडलोटीला घाला."

"अहो, लोकांना तुमचंच आवडतं," ते म्हणाले. "ते नाही केलंत, तर दुसरं काय येतं तुम्हाला?"

अकराला वहिनींनी ओंडका लावला. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. घरी आता दोघी जावाच. समोरासमोर बसून जेवायच्या, आणि ताटं उचलेपर्यंत एकीलाही बोलण्यासारखं काही सुचायचं नाही.