ड्रमच्या बुडाचं पाणी

हे मी कुणाला बोललो नाय. पोरीलासुद्धा नाय.

माझ्या बायकोनं, कौसानं, आन मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे पाणी भरणं. पडेगावात आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. मी मोटारीच्या बटणापाशी, कौसा ड्रमपाशी पाईप धरून. पाईप निसटला, माझं धोतर भिजलं. हसली — "लागू द्या की! पोटात तर कधी घेत नाय तुम्ही हे पाणी."

खरंच होतं. आमच्या गल्लीची रीतच तशी — फिल्टरच्या पाण्याचा जार गडीमाणसांना आन पाव्हण्यांना. बाया ड्रमचं पित्यात, शेवटी शेवटी तर बुडाचं, हिरवट. कुणी ठरवलं व्हतं? कुणीच नाय. मोडलं कुणी? मीबी नाय.

मग कौसाला ताप भरला. टायफाईड निघाला. सरकारी दवाखान्याची आशाताई कागद घेऊन घरोघर फिरत आली. "बाबा, या गल्लीत तापानं बायाच लई पडल्यात, गडी एखादाच. घर एक, चूल एक — मग असं कसं? पाणी येगळं पिता का?"

दारात शेजारचे दोघं उभे. मी जारच्या पुढं सरकलो. म्हणलं, "पाणी एकच हाय. बाया बाजारात भेळ खात्यात, दुसरं काय."

आत गोधडीखाली कौसा ऐकत व्हती. बोलली नाय. माझी लाज राखली — का बोलायची ताकदच नव्हती? आता कुणाला विचारू?

ताईनं भेळ लिहून घेतली. जाताना म्हणली, उद्या पाण्याचा नमुना न्यायला माणूस येईल, ड्रम हाय तसा ठेवा. पुढं भेळवाल्याची गाडी उठवली. गल्लीतल्या बाया अजून ड्रमचंच पित्यात.

ताई येऊन गेली त्याच दुपारी कौसाचं पोट फुगलं. दवाखान्यात म्हणले, आतडं फुटलंय. सांजंला गेली.

पोरगी लांबून यायची म्हणून माती दुसऱ्या दिवशी ठेवली. सकाळी बायांनी तिला न्हाऊ घालायला पाणी मागितलं. जन्मात कधी घागर उचलली नव्हती मी — पण त्या दिवशी मीच उठलो. बादल्या भरभरून दिल्या. बुड लागलं तवा ड्रम पालथा घातला. राखेनं आतून घासला, उन्हात ठेवला.

नमुन्याचा माणूस आला. मी म्हणलं, पाणी सरलं.